हरलेल्या लढाईचा धडा

जिंकलेल्या लढायांचे दिवस सगळेच देश साजरे करतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा सर्वांत मोठा युद्धस्मृतिदिन मात्र सपशेल फसलेल्या एका मोहिमेचा आहे. 25 एप्रिल 1915 च्या पहाटे या दोन देशांचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर उतरले. दार्दानेल्सची सामुद्रधुनी मोकळी करायची, कॉन्स्टँटिनोपल गाठायचं आणि तुर्कस्तानला पहिल्या महायुद्धातून बाहेर काढायचं, असा तो लंडनमध्ये आखलेला बेत होता. प्रत्यक्षात सैनिकांना किनाऱ्यापासून फारसं आत सरकताच आलं नाही. आठ महिने ते त्याच उघड्याबोडक्या उतारांना चिकटून राहिले आणि डिसेंबरात रात्रीच्या अंधारात बोटींत बसून गुपचूप निघून गेले. मागे राहिले ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक मृत आणि न्यूझीलंडचे 2,779. ब्रिटिश आणि फ्रेंच मृतांची संख्या याहून बरीच मोठी होती. तुर्कांचे तर ऐंशी हजारांहून अधिक सैनिक गेले. सामुद्रधुनी शेवटपर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिली.

ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या या संयुक्त फौजेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तिला ‘अँझॅक’ म्हणू लागले. एका वर्षाने, 1916 मध्ये, 25 एप्रिल हा ‘अँझॅक दिन’ म्हणून पाळला गेला. तेव्हा महायुद्ध अजून चालूच होतं.

मराठी वाचकाला यात फार परकं काही वाटू नये. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी जे घडलं ते अडीचशे वर्षं उलटून गेली तरी मराठी बोलण्यातून गेलेलं नाही. फरक एवढाच, की पानिपत मुलांपर्यंत पोचलं ते बखरींतून, कादंबऱ्यांतून आणि आजी-आजोबांच्या तोंडून. गॅलिपोली मुलांपर्यंत पोचवण्याचं काम तिकडे शाळांनी अंगावर घेतलं. हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. आठ वर्षांच्या मुलासमोर उभं राहून, आपली माणसं दुसऱ्याच्या देशात का गेली, तिथे का मेली आणि एवढं करून हरली, तरी आपण त्या दिवशी पहाटे का उठतो, हे सांगायचं तर कुठून सुरुवात करायची?

बहुतेक शाळा सुरुवात करतात ती विधीपासून. 25 तारखेला सुट्टी असते, म्हणून शाळेतला कार्यक्रम आदल्या किंवा जवळच्या एखाद्या दिवशी होतो. ध्वज अर्ध्यावर उतरवतात, वरच्या वर्गातली मुलं पुष्पचक्र ठेवतात, बिगुलाची ‘लास्ट पोस्ट’ ही धून वाजते, मग मौन. लॉरेन्स बिन्यन यांच्या कवितेतल्या चार ओळी एक जण म्हणतो आणि शेवटचे शब्द सगळे मिळून उच्चारतात. गंमत म्हणजे ही कविता सप्टेंबर 1914 मध्ये छापून आली, गॅलिपोलीच्या सात महिने आधी. कोटावर रोझमेरीची डहाळी टोचायची पद्धत आहे, कारण ही झुडपं गॅलिपोलीच्या टेकड्यांवर रानोमाळ वाढतात. न्यूझीलंडमध्ये 1922 पासून लाल पॉपीचं, म्हणजे खसखशीच्या जातीचं फूल लावतात. मुख्य दिवशी सूर्योदयापूर्वी गावोगावच्या स्मारकांपाशी गर्दी जमते. सिडनीत ही पहाटेची प्रथा 1928 पासून चालत आली आहे. नंतरच्या संचलनात पणजोबांची पदकं लावून चालणारी मुलंही असतात. पदक ज्याने मिळवलं तो ते छातीच्या डाव्या बाजूला लावतो, वारसाने मात्र ते उजव्या बाजूला लावायचं. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हा नियम पटकन कळतो: हे माझं नाही, मी फक्त सांभाळतोय.

विधी मुलांना आवडतात, पण ते पटकन पाठही होतात, आणि पाठ झालेल्या गोष्टीवर मूल प्रश्न विचारत नाही. अनुभवी शिक्षक म्हणूनच लवकर दुसऱ्या कशाकडे तरी वळतात. त्यांच्या हाताशी एक हुकमी साधन असतं, ते म्हणजे बिस्किट.

अँझॅक बिस्किटात ओट्स, मैदा, साखर, सुकं खोबरं, लोणी, खाण्याचा सोडा आणि गोल्डन सिरप पडतं. गोल्डन सिरप म्हणजे काकवीचीच गोरी बहीण. अंडं नसतं, त्यामुळे ही बिस्किटं बरेच दिवस टिकतात. एप्रिलमध्ये शाळाशाळांत मुलं ती करतात आणि त्याबरोबर एक गोष्टही ऐकतात, की घरोघरच्या आयांनी आणि बायकांनी ही बिस्किटं भाजून गॅलिपोलीच्या खंदकांत पाठवली होती. गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. सैनिकांना मिळायची ती पिठाची आणि पाण्याची दगडासारखी टणक शिधाबिस्किटं. ती दातांनी फुटत नसत, म्हणून कुटून त्यांची लापशी करत. काहींनी तर त्यांवर मजकूर लिहून ती पत्रासारखी घरी पाठवली, आणि अशी बिस्किटं संग्रहालयांत आजही शाबूत आहेत. आजचं खोबरं घातलेलं बिस्किट ‘अँझॅक’ या नावाने रूढ झालं ते युद्ध संपल्यानंतरच्या काळात. हुशार शिक्षक दोन्ही बिस्किटं टेबलावर ठेवतो आणि मुलांनाच विचारतो, यातलं कुठलं खंदकात गेलं असेल? आठवणीवर गोडवा कसा चढत जातो, हे कळायला याहून सोपा प्रयोग नसेल.

या बिस्किटाला कायद्याचं संरक्षणही आहे. ‘अँझॅक’ हा शब्द कुणी धंद्यासाठी वापरू नये, म्हणून ऑस्ट्रेलियात 1921 पासून नियम आहेत. बिस्किटांना सवलत मिळते, पण मूळ कृतीपासून फार दूर जायचं नाही आणि त्यांना ‘कुकी’ म्हणायचं नाही, या अटींवर. सरकारने बिस्किटाच्या पाककृतीकडे एवढ्या गांभीर्याने पाहावं याचं हसू येतं खरं, पण मुलांना हाच भाग सर्वांत जास्त लक्षात राहतो.

बिस्किटानंतर येतं गाढव.

जॉन सिम्पसन हे नाव ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक मुलांना ठाऊक असतं. जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्या तुकडीतला हा माणूस. पहिल्याच दिवसांत त्याला एक गाढव सापडलं आणि पायाला गोळी लागलेल्यांना त्यावर बसवून तो गोळीबाराखालच्या दरीतून किनाऱ्यावर आणू लागला. 19 मे 1915 रोजी, म्हणजे उतरल्यापासून चार आठवड्यांच्या आतच, तो मारला गेला. त्याच्यावर चित्रपुस्तकं निघाली, पुतळे उभे राहिले. मुलांसाठी तो आदर्श नायक ठरतो, कारण तो कुणाला मारत नाही, वाचवतो. शिवाय गोष्टीत प्राणी आहे.

पण खरा सिम्पसन चित्रपुस्तकातल्यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे. त्याचं पूर्ण नाव जॉन सिम्पसन किर्कपॅट्रिक. जन्म इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सचा. ऑस्ट्रेलियात तो जहाजावरून पळून आला होता आणि भरती होताना त्याने आडनाव गाळलं. आपल्या तुकडीबरोबर राहायचं सोडून तो गॅलिपोलीत चक्क हिंदी सैनिकांच्या तळावर मुक्काम करायचा, कारण तिथे जनावरांसाठी चारा होता. होय, गॅलिपोलीत हिंदी फौजही होती. खेचरांवर तोफा वाहणाऱ्या पहाडी तोफखान्याच्या तुकड्या, शीख आणि गुरखा पलटणी, आणि दारूगोळा व पाणी वर चढवणारे खेचरवाले मिळून पंधरा हजारांच्या आसपास हिंदी माणसं त्या मोहिमेत होती. त्या टेकड्यांवर पाण्याचा प्रत्येक डबा खालून वर न्यावा लागे, आणि ते काम मुख्यतः त्यांच्या खेचरांनी केलं. शाळेतल्या गोष्टीत ही माणसं फार उशिरा आली. आजही कित्येक वर्गांत ती सिम्पसनच्या चित्राच्या पार्श्वभूमीलासुद्धा नसतात.

सिम्पसनच्या नावाने गाजलेलं एक चित्र तर त्याचं नाहीच. न्यूझीलंडचे चित्रकार होरेस मूर-जोन्स यांनी ते एका छायाचित्रावरून काढलं. त्या छायाचित्रातला गाढववाला सिम्पसन नव्हता, तो होता न्यूझीलंडचा रिचर्ड हेंडरसन. पेशाने शिक्षक असलेल्या हेंडरसनने सिम्पसनच्या मृत्यूनंतर तेच काम पुढे चालवलं होतं. सिम्पसनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा, ही मागणी अनेक वर्षं होती. 2013 मध्ये सरकारी चौकशीने ती फेटाळली. त्याचं शौर्य खोटं होतं म्हणून हा निर्णय झाला नाही. तेच काम करणारे इतर स्ट्रेचरवालेही तितकेच शूर होते, असं कागदपत्रांतून दिसलं. हे मुलांना सांगावं का? जरूर सांगावं. एका माणसाची गोष्ट अनेकांच्या वाट्याचं कौतुक कसं ओढून घेते, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चांगलं समजतं. वर्गातल्या गटप्रकल्पात त्याने ते अनुभवलेलं असतं.

समोरच्या बाजूलाही असाच एक वाहून नेणारा माणूस आहे. तुर्की मुलांचा स्मृतिदिन 18 मार्च. 1915 मध्ये त्या दिवशी ब्रिटिश-फ्रेंच युद्धनौकांचा सामुद्रधुनीवरचा हल्ला तुर्कांनी परतवला. त्या लढाईत तोफगोळे उचलणारं यंत्र बंद पडलं, तेव्हा सेयित नावाच्या सैनिकाने दोनशे किलोंहून जड गोळा एकट्याने पाठीवर घेऊन तोफेत भरला, असं तिकडचं प्रत्येक मूल शिकतं. नंतर छायाचित्रासाठी त्याला पुन्हा गोळा उचलायला सांगितलं, तो काही त्याला उचलेना. शेवटी लाकडी गोळा पाठीवर देऊन छायाचित्र घेतलं, अशीही हकिकत सांगतात. ऑस्ट्रेलियन मुलांचा नायक जखमी माणूस वाहतो, तुर्की मुलांचा तोफगोळा. एक आक्रमणाला आलेला, दुसरा घर राखणारा. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिकवल्या, तर ‘आपण तिथे मुळात कशाला गेलो होतो?’ हा प्रश्न मुलंच विचारतात. मेलबर्नसारख्या शहरात तुर्की वंशाची मुलं त्याच बाकांवर बसतात, तेव्हा तो टाळताही येत नाही.

या सगळ्यापेक्षा परिणामकारक ठरतं ते एका मुलाचं नाव: जेम्स मार्टिन.

मेलबर्नचा हा मुलगा 1915 च्या एप्रिलमध्ये भरती झाला तेव्हा चौदा वर्षांचा होता. वय अठरा सांगितलं. घरात तो एकुलता एक मुलगा, बाकी बहिणी. वडिलांना सैन्याने नाकारलं होतं. आई, तू संमती दिली नाहीस तर दुसऱ्या नावाने जाईन आणि पत्रही लिहिणार नाही, असं तो म्हणाला आणि आईने सही केली. गॅलिपोलीकडे जाताना त्याच्या जहाजावर पाणतीराचा हल्ला झाला, काही तास तो समुद्रात होता. सप्टेंबरमध्ये खंदकात पोचला. गोळी त्याला लागलीच नाही. त्याला विषमज्वर झाला आणि 25 ऑक्टोबर 1915 रोजी इस्पितळाच्या जहाजावर तो गेला. वय होतं चौदा वर्षं नऊ महिने. देह समुद्रातच सोडला. पहिल्या महायुद्धात मरण पावलेला तो सर्वांत लहान ऑस्ट्रेलियन सैनिक मानला जातो.

त्याचे सेवाकागद आज कुणालाही घरबसल्या पाहता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातल्या तीन लाख पंच्याहत्तर हजारांवर सैनिकांच्या फायली स्कॅन करून खुल्या केल्या आहेत. नववीत पहिलं महायुद्ध सविस्तर शिकताना मुलं आपल्या गावच्या स्मारकावरचं एक नाव निवडतात आणि त्याची फाईल उघडतात: उंची, डोळ्यांचा रंग, दातांची अवस्था, रजेवरून उशिरा आल्याबद्दल झालेला दंड, आणि शेवटी आईला पाठवलेल्या सामानाची यादी. संगमरवरावर कोरलेला हुतात्मा फाईलमध्ये उडाणटप्पू पोरगा निघतो, आणि मग तो मुलांना आपला वाटू लागतो. कागदी फुलं कापण्यात गेलेल्या तासांपेक्षा ही एक फाईल जास्त शिकवते.

महायुद्धाच्या शताब्दीत कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकाने हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. त्या युद्धात गेलेल्या सुमारे 62 हजार ऑस्ट्रेलियनांची नावं आणि मृत्यूसमयीची वयं देशभरच्या शाळकरी मुलांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि नावांच्या भिंतींपाशी ती ऐकवली. दहा वर्षांची मुलगी ‘एकोणीस’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्याला निराळं भाषण लागत नाही.

हा दिवस नेहमीच असा दणक्यात पाळला जात होता, असं मात्र नाही. 1960 च्या आसपास तो म्हाताऱ्या सैनिकांचा दारू पिण्याचा दिवस झाला आहे, अशी तरुणांची टीका होती. अ‍ॅलन सेमूर यांच्या ‘द वन डे ऑफ द इयर’ या नाटकात बाप आणि मुलगा याच मुद्द्यावर भांडतात. अ‍ॅडलेडच्या महोत्सवाने ते नाटक करायलाच नकार दिला होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात गर्दी आणखी रोडावली. मग 1981 मध्ये पीटर वीअर यांचा ‘गॅलिपोली’ चित्रपट आला, 1990 मध्ये पंतप्रधान बॉब हॉक वयोवृद्ध सैनिकांना घेऊन प्रत्यक्ष त्या किनाऱ्यावर गेले आणि वारं फिरलं. शेवटचा गॅलिपोली सैनिक अ‍ॅलेक कॅम्पबेल 2002 मध्ये वयाच्या 103 व्या वर्षी वारला. तोही सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून गेलेला. ‘काय झालं ते मी पाहिलंय’ असं वर्गात येऊन सांगणारं कुणी उरलं नाही, आणि तेव्हापासून सगळी भिस्त पुस्तकांवर आणि शिक्षकांवर आहे.

साहजिकच भांडणं सुरू झाली. माजी सैनिकांचं कल्याण पाहणारं सरकारी खातं शाळांना अँझॅकचं शैक्षणिक साहित्य भरभरून पाठवतं. इतिहास शिकवण्याचं काम लष्कराशी जोडलेल्या खात्याकडे का, असा सवाल मॅरिलिन लेक आणि हेन्री रेनॉल्ड्स या इतिहासकारांनी 2010 मधल्या पुस्तकात विचारला. 2021 मध्ये अभ्यासक्रमाच्या मसुद्यात अँझॅकच्या वेगवेगळ्या अर्थांची चर्चा व्हावी असं सुचवलं गेलं, तर तेव्हाचे शिक्षणमंत्री अ‍ॅलन टज यांनी त्यावर जोरदार हरकत घेतली. दोन्ही बाजूंना मुलांचीच काळजी होती, असं धरून चालू. तरीही टीकाकारांचा एक मुद्दा खोडता येत नाही. समुद्रापलीकडच्या लढाईतल्या मृतांची नावं पाठ असलेल्या मुलांना आपल्याच मातीवर आदिवासींविरुद्ध झालेल्या लढायांची माहिती नसे. आदिवासी सैनिकही गॅलिपोलीत आणि फ्रान्समध्ये लढले होते, पण परत आल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या जमिनी त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला आल्या नाहीत.

न्यूझीलंडमध्ये हे कोडं मुलांनीच सोडवायला घेतलं. ओटोरोहांगा कॉलेज या माध्यमिक शाळेचे विद्यार्थी 2014 मध्ये सहलीला रांगिआओहिया आणि ओराकाऊ या ठिकाणी गेले. 1864 मध्ये ब्रिटिश फौजांनी तिथे माओरींवर हल्ले केले होते, आणि ही ठिकाणं त्यांच्या शाळेपासून फार लांब नव्हती. माओरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून हकिकत ऐकल्यावर मुलं चक्रावली: गॅलिपोली आम्हाला शिकवलं, हे का नाही? त्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि डिसेंबर 2015 मध्ये बारा हजारांवर सह्यांचा अर्ज संसदेला दिला. आता 28 ऑक्टोबर हा त्या देशांतर्गत युद्धांचा स्मृतिदिन आहे. 2023 पासून देशाचा स्वतःचा इतिहास शाळांत सक्तीचाही झाला. अँझॅक दिनाच्या शिकवणीचं याहून चांगलं फळ कुठलं म्हणावं?

आज सिडनी-मेलबर्नच्या शाळांत मराठी घरातली मुलंही बसतात. एप्रिलमध्ये शिक्षक विचारतात, तुमच्या घरातलं कुणी युद्धात होतं का? बहुतेक मुलं मान हलवून नाही म्हणतात. ते दर वेळी खरं असतंच असं नाही. पहिला अँझॅक दिन पाळला गेला, त्यानंतर चारच दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, मेसोपोटेमियातल्या कुत या गावी उपासमारीने जेरीला आलेली ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली. ती सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. कैदेतल्या वाळवंटी वाटचालीत हजारो माणसं मेली. गॅलिपोलीएवढीच ती शोकांतिका, त्याच शत्रूसमोरची. तिचा दिवस मात्र आपल्याकडे कुणी पाळत नाही.

त्या युद्धाच्या खुणा मात्र महाराष्ट्रात आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परत आले नाहीत. तिथे त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. सातारा जिल्ह्यात आणि कोकणातही कित्येक गावांत एक लहानशी दगडी पाटी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली असते. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर तिच्यावर असतो. आकडे आहेत, नावं नाहीत. मेसोपोटेमियात मेलेल्यांच्या बसऱ्यातल्या स्मारकावरही ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची बहुतांशी फक्त संख्या. ही असमानता कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने 2021 मध्ये अधिकृतपणे मान्य केली आहे.

आयोगाची नावांची सूची संकेतस्थळावर मोफत पाहता येते, आणि हिंदी शिपायांच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि तालुकाही मिळतो. ज्यांच्या गावात अशी पाटी आहे त्या शिक्षकांनी आणि पालकांनी येत्या 26 जुलैला, कारगिलचा कार्यक्रम आटोपल्यावर, सातवी-आठवीच्या मुलांना त्या पाटीपाशी न्यावं, तिच्यावरचा आकडा वहीत उतरवून घ्यायला सांगावं, आणि मग संगणकावर व गावातल्या जुन्या घरांत तेवढी नावं शोधायला लावावं. नावं सापडली, तर ती पाटीखाली लिहायला ग्रामपंचायतीची परवानगी मागावी. अर्जावर सह्या मुलांच्याच घ्याव्यात.